पवनेच्या काठी चाकांवरचा मुक्काम

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आजवर सतत बदली होणाऱ्या नोकरदारांसाठी वापरली जात असे. आता ती हौसेने फिरणाऱ्या शहरी कुटुंबांनाही लागू पडू लागली आहे. झोपण्याची जागा, छोटेसे स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृह अशा सोयींनी सज्ज असलेली मोटार घ्यायची, एखाद्या जलाशयाच्या काठी ती उभी करायची आणि एक-दोन रात्री तेथेच राहायचे, असा हा प्रकार आहे. अमेरिकेत त्यासाठीच्या वाहनाला 'आरव्ही' म्हणतात, तर आपल्याकडे 'कॅराव्हॅन' हा शब्द रूढ झाला आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील रहिवाशांना अशा मुक्कामासाठी जवळचे ठिकाण म्हणजे मावळ तालुक्यातील पवना धरणाचा जलाशय. तथापि, हा जलाशय केवळ सहलीचे ठिकाण नाही. काठावर उतरणाऱ्या अनेक पर्यटकांच्या घरातील नळाला येणारे पाणीही येथूनच निघते. त्यामुळे येथील मुक्कामाचा विचार काहीसा वेगळ्या पद्धतीने करावा लागतो.

धरण आणि शहर

पवना धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. त्याची उंची सुमारे ४२ मीटर असून उपयुक्त पाणीसाठा साडेआठ अब्ज घनफूट, म्हणजेच साडेआठ टीएमसी आहे. धरणातून सोडलेले पाणी पवना नदीच्या पात्रातून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते. तेथून महापालिका ते उचलते आणि निगडी येथील केंद्रात शुद्ध करून शहराला पुरवते. औद्योगिक वसाहतींसाठी एमआयडीसीही रावेतहूनच पाणी घेते. थोडक्यात, धरणापासून रावेतपर्यंत नदीच जलवाहिनीचे काम करते.

धरणातून थेट निगडीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटरची बंद जलवाहिनी टाकण्याची योजना महापालिकेने २००८ मध्ये हाती घेतली होती. तिला मावळातील शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर बऊर येथे झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला आणि काम थांबले. पुढे शहराची लोकसंख्या वाढत गेली. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. आंद्रा धरणाचे पाणी नंतर मिळू लागले असले, तरी शहराची मुख्य भिस्त अद्याप पवनेवरच आहे. हा इतिहास ठाऊक असला, म्हणजे येथील गावकरी पाण्याच्या आणि जमिनीच्या बाबतीत इतके हळवे का आहेत, याचा उलगडा होतो.

कॅराव्हॅन म्हणजे काय?

अमेरिकेत बहुतेक राज्यांची स्वतःची उद्याने आहेत आणि त्यांपैकी अनेक तलावांच्या काठी वसलेली आहेत. तेथील वाहनतळावर प्रत्येक गाडीसाठी क्रमांक दिलेली जागा असते. अनेक ठिकाणी ३० किंवा ५० अँपिअरची वीजजोडणी आणि पिण्याच्या पाण्याचा नळ जागेवरच मिळतो. गाडीतील सांडपाण्याची टाकी रिकामी करण्यासाठी उद्यानात स्वतंत्र केंद्र असते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात या जागांचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते आणि उन्हाळ्यातील तारखा झपाट्याने संपतात. तेथे स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांना ही व्यवस्था परिचयाची आहे. गाडी कितीही साधी असली तरी मुक्काम सुखाचा होतो, कारण निम्मी सोय गाडीत असते आणि उरलेली निम्मी जमिनीवर.

भारतात या वाहनांची संख्या अद्याप कमी आहे. आकुर्डी येथे मुख्यालय असलेल्या 'फोर्स मोटर्स'ची, म्हणजे पूर्वीच्या 'बजाज टेम्पो'ची, 'ट्रॅव्हलर' ही गाडी कॅराव्हॅनच्या बांधणीसाठी प्रामुख्याने वापरली जाते. अशा वाहनांच्या तपासणीसाठी 'एआयएस १२४' हे स्वतंत्र मानक असून वाहनांच्या प्रमाणीकरणाचे काम करणारी 'एआरएआय' ही संस्था पुण्यातच आहे. मोटार उद्योगाच्या या पट्ट्यात जुनी व्हॅन घेऊन ती ओळखीच्या कारागिराकडून सजवून घेण्याचा मोह अनेकांना होतो. मात्र, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल वाहनात करता येत नाही. पलंग, गॅस आणि टाक्या बसविण्यापूर्वी आरटीओची परवानगी घेतली नाही, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. ज्यांना वर्षातून एक-दोनदाच जायचे आहे, त्यांच्यासाठी चालकासह भाड्याने मिळणारी कॅराव्हॅन हाच व्यवहार्य पर्याय ठरतो.

धोरण आहे, पण काठावर काय आहे?

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. गाड्या आणि त्या उभ्या करण्याचे तळ अशा दोन्ही बाबींचा त्यात विचार आहे. तळावर पाणी, वीज, रस्ता, स्वच्छतागृह आणि सांडपाण्याची व्यवस्था असावी, असे त्यात अपेक्षित आहे. केरळनेही त्याच वर्षी असेच धोरण आणले.

पवनेच्या काठावरचे चित्र मात्र तंबूंचे आहे. ठाकुरसाई, आंबेगाव, ब्राह्मणोली, फांगणे आदी गावांच्या शिवारात गेल्या काही वर्षांत तंबूंच्या वसाहती उभ्या राहिल्या. भातशेतीवर भागत नाही म्हणून अनेक स्थानिक तरुण या व्यवसायात उतरले. संध्याकाळचा चहा-भजी, रात्रीचे जेवण, शेकोटी आणि सकाळचे पोहे असा येथील ठरलेला क्रम असतो. या जागा तंबूंसाठी आखलेल्या आहेत. त्यामुळे कॅराव्हॅन घेऊन जाणाऱ्याने आरक्षण करतानाच चार प्रश्न विचारणे श्रेयस्कर ठरते. जड गाडी उतरेल असा रस्ता आहे का? गाडी समतल उभी राहील का? वीजजोडणी मिळेल का? आणि सांडपाणी कोठे सोडायचे? यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर गाडीतील स्वच्छतागृह बंद ठेवून तेथील पक्के स्वच्छतागृह वापरावे.

विजेचा आणि पाण्याचा हिशेब

चाकांवरच्या घरात प्रत्येक गोष्ट मोजून वापरावी लागते. १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिट वीज साठते. नेहमीची शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास लवकर खराब होते, म्हणून हाताशी सुमारे ०.९ युनिटच राहते. ३० वॉटचा पंखा आणि २० वॉटचे दिवे दहा तास चालविले, तरी अर्धाच युनिट खर्च होतो आणि रात्र सहज निघते. त्याच बॅटरीवर एक हजार वॉटचा एसी मात्र तासभरही चालत नाही. बाहेरची वीजजोडणी नसेल, तर एसीचा विचार सोडून द्यावा. डिसेंबर-जानेवारीत पवनेच्या काठी त्याची गरजही भासत नाही.

पाण्याचेही तसेच आहे. १०० लिटरची भरलेली टाकी म्हणजे गाडीवर १०० किलोचा बोजा. चौघांच्या कुटुंबाने घरच्या सवयीने नळ सोडला, तर ती सकाळीच रिकामी होते. भांडी टबात धुणे, अंघोळीऐवजी अंग पुसून घेणे आणि पिण्याचे पाणी वेगळ्या कॅनमधून आणणे, या साध्या उपायांनी तेवढेच पाणी दोन दिवस पुरते.

सांडपाणी : खरी कसोटी

जेवढे पाणी टाकीतून वापरले जाते, जवळपास तेवढेच सांडपाणी होऊन साठते. भांड्यांचे व हात धुण्याचे साबणमिश्रित पाणी एका टाकीत आणि शौचालयाचा मैला दुसऱ्या टाकीत जातो. अमेरिकी उद्यानात या टाक्या ठरलेल्या केंद्रावर रिकाम्या होतात. तसे केंद्र नसलेल्या काठावर 'जरा पलीकडे' टाकी मोकळी करण्याची वृत्ती बळावते आणि तेथेच सगळे बिघडते. उताराची जमीन आणि मुरमाड माती यांमुळे काठावर सोडलेले सांडपाणी पहिल्याच पावसात जलाशयात उतरते. तेच पाणी पुढे रावेतला उचलले जाते. शुद्धीकरण केंद्र ते पिण्यायोग्य करते हे खरे, पण मधल्या गावांचा आणि नदीचा त्याने काहीच बचाव होत नाही.

यावर उपाय अवघड नाही. शौचालयाची काढता येणारी टाकी असलेली गाडी निवडावी आणि ती सेप्टिक टँक असलेल्या ठिकाणीच, जागामालकाच्या संमतीने रिकामी करावी. साबणाचे पाणी घट्ट टाकीत परत शहरात आणावे. कोरडा कचरा गाडीतूनच परत न्यावा. जलाशयात भांडी वा कपडे धुऊ नयेत. चिंचवडच्या घरी ज्या पाण्याचा चहा होतो, त्याच पाण्यात आपण खरकटे टाकत आहोत, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

जमीन कोणाची?

पाण्यालगतची मोठी जमीन धरणासाठी संपादित केलेली असून ती जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहे. त्यापलीकडे खासगी शेते, काही ठिकाणी वनजमीन आणि बंगले आहेत. ज्यांची शेते पाण्याखाली गेली, अशा अनेक धरणग्रस्त कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पन्नास वर्षांनंतरही पूर्णपणे सुटलेला नाही. मोकळी दिसते म्हणून कोठेही गाडी उभी करणे बेकायदा ठरू शकते आणि गावकऱ्यांच्या रोषालाही कारण होते. खासगी जागेत, मालकाच्या परवानगीने आणि पावती घेऊनच मुक्काम करावा. पैसे स्थानिक माणसाच्या हाती पडले, तर काठ स्वच्छ राखण्यात त्यालाही रस राहतो.

ऋतू आणि किनारा

पावसाळ्याच्या अखेरीस जलाशय काठोकाठ भरतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा मुक्कामासाठी उत्तम काळ. समोर तिकोना आणि तुंग, तर उत्तरेकडे लोहगड व विसापूर असे चार किल्ले या परिसरात आहेत. त्यांपैकी लोहगडाचा २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. उन्हाळ्यात पाणी खूप मागे सरकते, किनारा चिखलाचा होतो आणि एरवी पाण्याखाली असलेले वाघेश्वराचे प्राचीन मंदिर उघडे पडते. त्या वेळी पाण्याजवळ जाण्याच्या नादात गाडी गाळात रुतण्याचा धोका असतो. जून ते सप्टेंबर या काळात घाटमाथ्यावर धुवांधार पाऊस पडतो. या दिवसांत जड वाहन काठावर नेऊ नये आणि जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश पाहूनच घर सोडावे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेल्यानंतर मावळातील पर्यटनस्थळांवर असे निर्बंध लागू करण्यात आले होते.

पाण्यात उतरू नये

पवनेच्या जलाशयात पोहायला उतरलेल्यांचे बुडून मृत्यू होण्याच्या घटना जवळपास दरवर्षी घडतात. काठ शांत दिसतो, मात्र तळाशी जुने नदीपात्र, शेतांचे बांध आणि खोल गाळ आहे. कमरेएवढ्या पाण्यातून पुढचे पाऊल थेट खोलात पडू शकते. येथे जीवरक्षकांची कायमस्वरूपी व्यवस्था नाही. दुर्घटना घडली की लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र' आणि 'वन्यजीव रक्षक मावळ' या संस्थांच्या स्वयंसेवकांना धावून यावे लागते आणि बहुतेक वेळा त्यांच्या वाट्याला मृतदेह शोधण्याचेच काम येते. पोहता येते असा विश्वास असणारे, तसेच मद्यपान केलेले तरुण यात अधिक असतात.

दुसरा धोका थंडीतला. तंबूत किंवा बंद कॅराव्हॅनमध्ये कोळशाची शेगडी कधीही पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच मृत्यू ओढवू शकतो. गाडीत गॅस असेल, तर स्वयंपाकाच्या वेळी खिडकी उघडी ठेवावी आणि झोपण्यापूर्वी सिलिंडरचा नॉब बंद करावा.

निघण्यापूर्वी हे पाहा

- मार्ग : निगडीहून जुन्या पुणे-मुंबई महामार्गाने देहूरोड, वडगावमार्गे कामशेत आणि तेथून डावीकडे पवनानगर. चाकणहून तळेगावमार्गे याच महामार्गावर येता येते. लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीचा रस्ता वळणावळणाचा व तीव्र चढ-उताराचा असल्याने मोठ्या गाडीसाठी तो टाळावा.
- दिवस : शनिवार-रविवारी काठावर गर्दी आणि रस्त्यावर कोंडी असते. भोसरी, चिंचवड परिसरातील अनेक कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुटी असते. त्या कामगारांना बुधवारची रात्र निवांत मिळू शकते.
- वेळ : उजेडातच पोहोचावे. अंधारात उतार आणि गाळाचा अंदाज येत नाही.
- आवाज : रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला कायद्याने मनाई आहे. पाण्यावरून आवाज समोरच्या गावापर्यंत जातो.
- सोबत : टॉर्च, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, चाकांना लावायच्या उटी, जादा पाण्याचा कॅन, कचऱ्याच्या पिशव्या आणि वाहनाची मूळ कागदपत्रे.
- निरोप : निघताना सांडपाण्याची टाकी बंद आहे ना, शेकोटीची राख पूर्ण विझली आहे ना आणि जागा आली तशीच राहिली आहे ना, हे एकदा तपासावे.