टॅलडेगाचा रविवार

अटलांटाहून बर्मिंगहॅमला आय-20 ने कधी गेला असाल, तर अलाबामाची हद्द ओलांडल्यावर पाऊणएक तासाने टॅलडेगा सुपरस्पीडवेची पाटी तुम्ही नक्की पाहिली असेल. आपल्यापैकी बहुतेकांच्या गाड्या तिथे वळत नाहीत. पण वर्षातून दोनदा, एकदा वसंतात आणि एकदा शरदात, त्या फाट्यावर रांग लागते. रेस असते रविवारी आणि माणसं येतात बुधवार-गुरुवारपासून. मोटरहोम, ट्रेलर, टपावर मचाण बांधलेल्या जुन्या शाळेच्या बस, मागे ग्रिल आणि बर्फाच्या पेट्या. ट्रॅकच्या आत आणि भोवती दोन-तीन दिवसांत एक गावच वसतं. जत्रा म्हटलं तर चालेल, फक्त देव तासाला 190 मैलांनी धावतात.

मी पोस्टडॉक म्हणून बर्मिंगहॅमला आलो तेव्हा नॅसकारबद्दल माझं मत तुमच्यापैकी अनेकांचं असेल तेच होतं: डावीकडे वळत राहायचं, यात बघायचं काय? आमच्या लॅबमधले एक वयस्कर तंत्रज्ञ मात्र शर्यतीच्या आधीच्या सोमवारपासूनच हवामानाचा अंदाज पाहू लागत. माझा विषय हवेचे प्रवाह, त्यामुळे आमच्या गप्पा रंगत. त्यातून मी या ट्रॅकचा इतिहास वाचायला घेतला. एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. तिथले लोक ज्या गोष्टीची वाट पाहतात, तीच गेल्या पन्नास वर्षांत बदलली आहे.

सुरुवातीला वाट होती ती निखळ वेगाची. बिल फ्रान्स हा नॅसकारचा संस्थापक आणि बराच काळ एकछत्री मालक. त्याने 1959 मध्ये फ्लोरिडात डेटोनाचा अडीच मैलांचा ट्रॅक उघडला होता. त्याहून मोठा आणि वेगवान ट्रॅक त्याला हवा होता. अलाबामात लष्कराच्या जुन्या विमानतळाची जागा त्याने निवडली. फेरी 2.66 मैलांची, आणि वळणांवर रस्ता 33 अंशांनी कललेला. हा आकडा कागदावर साधा वाटतो, पण एवढ्या उतारावर पायी चढायचं म्हटलं तर हात टेकावे लागतात.

पहिली मोठी शर्यत 14 सप्टेंबर 1969 ला ठरली. सरावातच गाड्या तासाला 200 मैलांच्या जवळ गेल्या आणि टायर फाटू लागले. एवढ्या वेगात, एवढ्या दाबाखाली टिकेल असा टायर तेव्हा कोणाकडेच नव्हता. चालकांनी महिन्याभरापूर्वीच आपली संघटना बांधली होती आणि तिचा अध्यक्ष होता रिचर्ड पेटी, म्हणजे त्या काळातला सर्वांत मोठा तारा. शर्यत पुढे ढकला, असं त्यांचं म्हणणं. फ्रान्स तेव्हा 59 वर्षांचा होता. तो स्वतः गाडीत बसला आणि तासाला 170 मैलांहून जास्त वेगाने फेऱ्या मारून आला: बघा, मला काही झालं का? पण शर्यतीचा वेग आणि त्याचा वेग यांत जो फरक होता, नेमका तिथेच टायर फाटत होता. शनिवारी पेटी आणि बहुतेक सगळे नामवंत गाड्या ट्रकवर चढवून निघून गेले.

आता प्रेक्षकांचं बघा. हजारो लोक तळ ठोकून बसलेले आणि ज्यांना बघायला आले ते गायब. फ्रान्सने आदल्या दिवशीच्या दुय्यम शर्यतीतल्या छोट्या गाड्या भरतीला घेतल्या, मधूनमधून पिवळा झेंडा दाखवून टायर बदलायला वेळ दिला आणि शर्यत पार पाडली. रिचर्ड ब्रिकहाउस जिंकला. त्याच्या आयुष्यातला या स्तरावरचा तो एकमेव विजय. प्रेक्षकांना सांगण्यात आलं, तिकिटाचा तुकडा जपून ठेवा, पुढच्या शर्यतीला चालेल. मला ही युक्ती त्या गाडी चालवण्याच्या नाटकापेक्षा जास्त हुशारीची वाटते. चिडलेल्या माणसाच्या हातात त्याने पुढच्या रविवारचं आमंत्रण ठेवलं. चालकांची संघटना फार काळ टिकली नाही.

पुढच्याच वर्षी, 24 मार्च 1970 ला, बडी बेकरने इथे चाचणीत 200 मैलांची मर्यादा ओलांडली. पुढची सतरा वर्षं हा आकडा चढतच गेला. 1985 च्या मे महिन्यात बिल इलियट तेलगळतीमुळे जवळजवळ दोन फेऱ्या मागे पडला आणि अपघाताची मदत न होता, केवळ वेगाच्या जोरावर ती तूट भरून काढून जिंकला. असा पराक्रम आता होणे नाही. का, ते पुढे सांगतो. याच इलियटने 30 एप्रिल 1987 ला पात्रता फेरीत 212.809 मैलांचा वेग नोंदवला. नॅसकारच्या पात्रता फेरीतला तो विक्रम आजही तसाच आहे.

त्यानंतर तीनच दिवसांनी, 3 मे 1987 ला, शर्यतीत बॉबी ॲलिसनच्या गाडीचा टायर फुटला. गाडी उलटी फिरली. इथे हवेचं गणित ध्यानात घ्या. पुढून येणारी हवा गाडीला खाली दाबते, पण तीच गाडी पाठमोरी झाली की तिचा आकार विमानाच्या पंखासारखा वागतो. ॲलिसनची गाडी मागच्या बाजूने उचलली गेली आणि प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळली. जाळीचा मोठा पट्टा फाटला, तुकडे उडून अनेक प्रेक्षक जखमी झाले. गाडी ट्रॅकवरच परत पडली आणि बॉबी वाचला. पुढे धावणाऱ्या त्याच्या मुलाने, डेव्हीने, हे आरशात पाहिलं. जाळी दुरुस्त करायला अडीच तासांहून जास्त वेळ लागला. त्यानंतर शर्यत पुन्हा सुरू झाली आणि डेव्ही जिंकला. त्याचा तो पहिला विजय. (याच ट्रॅकच्या आवारात हेलिकॉप्टर उतरवताना झालेल्या अपघातात डेव्ही 1993 च्या जुलैत गेला.)

ती गाडी जाळी ओलांडून स्टँडमध्ये गेली असती तर काय झालं असतं, हे कळायला कोणाला आकडेमोड करावी लागली नाही. 1988 पासून डेटोना आणि टॅलडेगा इथे इंजिनावर एक पत्रा बसवणं सक्तीचं झालं. कार्बोरेटरखाली बसणारी ही धातूची चकती, चार भोकांची. भोकं लहान, म्हणून हवा कमी, म्हणून ताकद कमी. 2019 पासून चकतीऐवजी निमुळता नळीसारखा भाग बसवतात, पण तत्त्व तेच.

आणि इथूनच गंमत सुरू होते, किंवा गुंता म्हणा. ताकद सगळ्यांची सारखीच कापली गेल्यावर कोणीच कोणाला मागे टाकू शकेना. पाय एक्सलरेटरवरून न उचलता पूर्ण फेरी मारता येऊ लागली. मग फरक उरला तो फक्त हवेचा. पुढची गाडी हवा फोडते, मागच्या गाडीला विरोध कमी होतो; शिवाय मागची गाडी चिकटून आली की पुढच्या गाडीच्या पाठीमागे तयार होणारा कमी दाबाचा पट्टाही भरला जातो, त्यामुळे दोघीही एकट्या गाडीपेक्षा जोरात पळतात. ज्युनियर जॉन्सनने 1960 ची डेटोनाची शर्यत तुलनेने कमजोर गाडी घेऊन याच युक्तीने जिंकली होती. आता ती युक्ती न राहता सक्ती झाली. एकटा पडला तो संपला. तीस-चाळीस गाड्या दोन-तीनच्या ओळींत, वीतभर अंतर ठेवून, तासाला 190 मैलांनी. एकाचा हात हलला की वीसेक गाड्यांचा चक्काचूर. या महाअपघाताला चाहत्यांनी नावच देऊन टाकलं आहे: 'द बिग वन'.

म्हणजे प्रेक्षकांना वाचवण्यासाठी केलेल्या नियमाने चालकांना एका घोळक्यात कोंडलं आणि तोच घोळका प्रेक्षकांचं सर्वांत मोठं आकर्षण ठरला. हे आधीच्या गुरुवारपासून येऊन बसणारे लोक अपघात बघायला येतात का? हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारला. 'नाही' असं सगळे म्हणतात, आणि 'बिग वन' कितव्या फेरीत होईल यावर पैजाही लावतात. मला यात ढोंग दिसत नाही. तुमच्या लाडक्या चालकाचं सगळं त्या एका क्षणावर टांगलेलं असतं, तर तुम्ही त्याकडे डोळे लावून बसणारच. कित्येक चाहते कानाला स्कॅनर लावून चालक आणि त्याच्या माणसांचं बोलणं ऐकत असतात. पण जाळीची हमी आजही पुरती नाही. 2009 च्या एप्रिलमध्ये शेवटच्या फेरीत कार्ल एडवर्ड्सची गाडी पुन्हा तशीच जाळीवर उडाली, पुन्हा प्रेक्षक जखमी झाले. एडवर्ड्स जळत्या गाडीतून उतरला आणि धावत जाऊन अंतिम रेषा पायीच ओलांडली. लोकांनी जल्लोष केला. ते पाहताना मला टाळी वाजवावीशीही वाटते आणि अस्वस्थही व्हायला होतं.

पत्र्याची शर्यत डेल अर्नहार्टला मनापासून नावडती, आणि त्याच्याइतकी ती कोणाला साधली नाही. टॅलडेगात तो दहा वेळा जिंकला. दहावा विजय 15 ऑक्टोबर 2000 चा: पाच फेऱ्या उरल्या असताना अठरावा होता. तिथून पहिला आला. चार महिन्यांनी डेटोनाच्या शेवटच्या फेरीत तो गेला. त्याचा तीनचा आकडा आजही त्या तंबूंवर फडकतो.

तंबूंवर आणखी एक झेंडा फडकायचा, आणि त्याबद्दल न बोलता टॅलडेगाचा इतिहास सांगणं अप्रामाणिक होईल. बिल फ्रान्स हा वंशभेदाचा पुरस्कर्ता गव्हर्नर जॉर्ज वॉलेसचा समर्थक होता. 1972 मध्ये वॉलेस राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला तेव्हा फ्लोरिडातली त्याची मोहीम फ्रान्सने सांभाळली. कॉन्फेडरेट झेंडा इथे अनेक दशकं घरचा होता. वेंडेल स्कॉट हा कृष्णवर्णीय चालक 1 डिसेंबर 1963 ला जॅक्सनव्हिलला जिंकला, तेव्हा आधी दुसऱ्यालाच विजेता जाहीर करून करंडक देण्यात आला, आणि स्कॉटचा विजय काही तासांनी, लोक पांगल्यावर मान्य झाला. 1973 च्या मे महिन्यात टॅलडेगाच्याच एका महाअपघातात तो गंभीर जखमी झाला आणि त्याची कारकीर्द जवळपास तिथेच संपली.

नॅसकारने तो झेंडा 2020 च्या जूनमध्ये बंद केला. त्याच महिन्यात टॅलडेगात, अलाबामातच जन्मलेल्या बब्बा वॉलेसच्या गॅरेजमध्ये फासासारखी गाठ असलेली दोरी सापडली. तो दरवाजा ओढायचा दोर असून आदल्या ऑक्टोबरपासून तिथेच होता, असं एफबीआयने सांगितलं. पण ते कळण्याआधी, 22 जूनला, सगळ्या चालकांनी वॉलेसची गाडी ढकलत रांगेच्या पुढे नेली. ट्रॅकबाहेरच्या रस्त्यावर मात्र त्याच दिवसांत झेंडे लावलेल्या गाड्यांची मिरवणूक निघाली होती.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरातली शर्यत पावसामुळे सोमवारवर गेली. 4 तारखेला वॉलेस पहिला असताना पुन्हा पाऊस आला आणि शर्यत थांबली. ती पुन्हा सुरू होणार की इथेच संपणार? वॉलेस आपल्या पिटपाशी वाट पाहत होता आणि मागच्या कुंपणापाशी चाहते जमून, संपवा ही शर्यत, म्हणून ओरडत होते. त्यांत त्याचा शर्ट घातलेला एक लहानगा कृष्णवर्णीय मुलगाही होता. पाऊस थांबला नाही. 188 पैकी 117 फेऱ्यांवर निकाल जाहीर झाला, आणि स्कॉटनंतर 58 वर्षांनी दुसरा कृष्णवर्णीय चालक जिंकला. स्कॉटच्या कुटुंबाला त्याचा करंडक मिळून तेव्हा जेमतेम महिना झाला होता.

तुम्ही जाणार असाल तर कानात घालायचे बोळे न्या आणि स्कॅनर भाड्याने घ्या. आणि सोमवारची रजाही टाकून ठेवा.