चाकांच्या खुर्चीचे चालन : एका कौशल्याचा इतिहास

चाकांच्या खुर्चीचा इतिहास लिहिणारे बहुधा खुर्चीचाच इतिहास लिहितात; ती चालविणाऱ्या हातांचा इतिहास त्यांतून निसटतो. न्यूरेंबर्गनजीक आल्टडॉर्फ येथील श्टेफान फार्फ्लर या अपंग घड्याळजीने १६५५ साली हाताने दांडा फिरवून चालविण्याची तीनचाकी गाडी स्वतःसाठी तयार केली. अठराव्या शतकात बाथ शहराच्या नावाने इंग्लंडात जी खुर्ची रूढ झाली, तीत मात्र बसणाऱ्याकडे फार तर दिशा देण्याचे काम राहिले, गती दुसऱ्याची. आपणही 'खुर्ची ढकलणे' असे म्हणतो तेव्हा कर्ता मागे उभा असतो व बसलेला मनुष्य कर्मात जमा होतो. हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नव्हे. जो हलविला जातो, त्यास चालविण्याचे शिक्षण देण्याचा विचार कोणास सुचावा?

तो विचार रुजला तो स्टोक मँडेव्हिल येथे. १ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथे डॉ. लुडविग गुटमान यांनी पृष्ठरज्जूस इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग उघडला. खुर्चीत बसून आखूड काठ्यांनी खेळावयाचा पोलो हा तेथील आरंभीचा खेळ. २९ जुलै १९४८ रोजी सोळा रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली, तिचाच उल्लेख सर्वत्र आढळतो. परंतु तिरंदाजाची खुर्ची स्थिर असते, यास्तव प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पोलोचे महत्त्व अधिक मानावयास हवे. वळणे, थांबणे, मागे सरणे हे सारे खेळाडू खेळता खेळता शिकत. १९६४ च्या टोकिओ स्पर्धेत तर अडथळ्यांमधून खुर्ची नेणे हाच स्वतंत्र क्रीडाप्रकार झाला.

हे कौशल्य नेमके कशाचे? मोठ्या चाकाच्या बाहेरील अंगास एक कडे असते. ते धरावयाचे, पुढे रेटावयाचे, सोडावयाचे, आणि हात पुन्हा मागे आणावयाचा. कड्यावरील बल स्पर्शरेषेच्या दिशेने लागेल तितके बरे, असे यांत्रिकी सांगते. नवशिके तसे करीत नाहीत; त्यांचे बल काहीसे आसाकडे जाते. ही चूक समजून अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी काही जणांना यंत्राच्या साहाय्याने 'योग्य' दिशा शिकविली. दिशा सुधारली, परंतु २००२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, खर्च झालेल्या ऊर्जेच्या मानाने त्यांची कार्यक्षमता, न शिकविता सराव केलेल्यांपेक्षा कमी भरली. खांदा व कोपर यांची रचना जमेस धरता, नवशिक्याने आपण होऊन काढलेला मार्ग ही चूक नसून तडजोड होती. ज्यास शिकवावयाचे त्याच्याकडूनच शिकण्याची पाळी संशोधकांवर आली, असे म्हणावयास हरकत नाही.

शिक्षण निरर्थक, असा मात्र याचा अर्थ नव्हे. पॅरालाइज्ड व्हेटरन्स ऑफ अमेरिका या संस्थेने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत लांब व संथ रेटे घ्यावेत आणि हात परत आणताना तो कड्याच्या खालून सहज जाऊ द्यावा, असे सुचविले आहे. रेट्यांची संख्या त्यामुळे घटते, आणि खांद्याची झीजही.