किआतिसुक सेनामुआंग : थायलंडचा ‘झिको’, खेळाडू आणि प्रशिक्षक

किआतिसुक सेनामुआंग हे थायलंडचे माजी फुटबॉलपटू आणि प्रशिक्षक. ब्राझीलच्या झिकोवरून थाई प्रेक्षकांनी त्यांना ‘झिको’ हे टोपणनाव दिले. आग्नेय आशियाची अजिंक्यपद स्पर्धा (आसियान चषक) खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणूनही जिंकणारे ते पहिलेच.

जन्म आणि खेळाडू म्हणून कारकीर्द

११ ऑगस्ट १९७३ रोजी ईसान या ईशान्य थायलंडमधील उदोन थानी येथे त्यांचा जन्म झाला. ईसान हा शेतकऱ्यांचा, लाओ बोली बोलणारा, पोटासाठी बँकॉकला मजूर पुरवणारा प्रदेश. राजधानीतल्या लोकांनी ज्या भागाकडे कायम खालच्या नजरेने पाहिले, त्याच भागातला मुलगा पुढे देशाचा सर्वात लाडका आघाडीवीर झाला.

राष्ट्रीय संघाकडून १३० हून अधिक सामने ते खेळले. १९९६, २००० आणि २००२ असा तीनदा आसियान चषक जिंकणाऱ्या संघात ते होते. १९९८ च्या बँकॉक आशियाई क्रीडा स्पर्धेत नऊ खेळाडूंवर आलेल्या थायलंडने दक्षिण कोरियाला २-१ ने हरवले. त्यातला पहिला गोल किआतिसुक यांचा होता.

१९९९ मध्ये ते इंग्लंडच्या हडर्सफील्ड टाउन क्लबमध्ये गेले, पण मुख्य संघातून एकही सामना न खेळता परतले. त्यांचे खरे परदेशी घर ठरले व्हिएतनाम. प्लेकू शहरातील होआंग आन्ह जिया लाई क्लबने त्यांच्यासह २००३ आणि २००४ अशी सलग दोन वर्षे लीग जिंकली. मैदानावर थायलंड आणि व्हिएतनाम कट्टर प्रतिस्पर्धी असूनही तिथल्या प्रेक्षकांनी त्यांना आपले मानले.

प्रशिक्षक

पीटर विद, पीटर रीड, ब्रायन रॉब्सन, विनफ्रीड शेफर अशा युरोपीय प्रशिक्षकांची थाई फुटबॉल संघटनेला सवय होती. २०१३ मध्ये शेफर गेल्यावर किआतिसुक यांच्याकडे संघ आला तो तात्पुरता. जूनमध्ये त्यांच्या तरुण संघाने चीनला चीनमध्येच ५-१ ने हरवले. त्याच वर्षी म्यानमारमधील आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धेत २३ वर्षांखालील संघाने सुवर्ण मिळवले. याच मुलांना घेऊन त्यांनी २०१४ चा आसियान चषक जिंकला. क्वालालंपूरच्या परतीच्या सामन्यात मलेशियाविरुद्ध ०-३ ने मागे पडलेल्या संघाने शेवटच्या मिनिटांत दोन गोल केले आणि एकूण ४-३ अशा फरकाने बारा वर्षांनी चषक परत आणला. २०१६ मध्ये इंडोनेशियाला हरवून तो राखलाही. लांब चेंडू मारण्याऐवजी जमिनीवरून छोटे पास देत खेळणे, ही त्यांच्या संघाची ओळख होती. चनाथिप सोंगक्रासिन हा त्या पिढीचा चेहरा.

२०१८ च्या विश्वचषक पात्रतेत थायलंड आशियातील अंतिम टप्प्यात पोहोचला. तिथे मात्र सात सामन्यांत एकच गुण मिळाला. २८ मार्च २०१७ रोजी जपानकडून ०-४ असा पराभव झाला आणि किआतिसुक यांनी पद सोडले.

त्यानंतर काय झाले?

संघटनेने सर्बियाचे मिलोवान रायेवाच यांना आणले. २०१८ च्या आसियान चषकात थायलंड उपांत्य फेरीतच बाहेर पडला. जानेवारी २०१९ मध्ये अबू धाबीत आशियाई चषकाच्या पहिल्याच सामन्यात भारताने थायलंडला ४-१ ने हरवले आणि रायेवाच यांना तडकाफडकी काढले गेले. संघ सावरून बाद फेरीत नेला तो सिरिसाक योद्यार्दथाई या थाई प्रशिक्षकाने, तोही हंगामी म्हणूनच.

किआतिसुक २०२१ मध्ये पुन्हा प्लेकूला गेले. त्यांचा क्लब लीगमध्ये अव्वल असताना कोरोनामुळे तो हंगाम रद्द झाला.

जपानपुढे थायलंड हरला, यात एकट्या प्रशिक्षकाचा दोष किती, यावर वाद होऊ शकतो. पण घरचा माणूस अडचणीच्या वेळी ‘तात्पुरता’ आठवतो आणि बाहेरच्याला गुणवत्ता गृहीत धरून बोलावले जाते, हा प्रश्न फुटबॉलपुरता नाही. किआतिसुक यांनी त्याचे उत्तर दोन चषकांनी दिले आहे.