शोक, शोकाचार आणि शोकसाहाय्य

प्रिय व्यक्तीच्या मृत्यूने उत्पन्न होणारी चित्तावस्था म्हणजे शोक. त्या अवस्थेसाठी समाजाने ठरवून दिलेले आचरण म्हणजे शोकाचार, ज्याला व्यवहारात दुखवटा म्हणतात. शोकग्रस्त कुटुंबासाठी इतर जे करतात ते शोकसाहाय्य. पुरोहित, धर्मगुरू, शववाहिनीचा चालक, स्मशानातील कर्मचारी आणि शेजारी हे सर्व त्याचे कर्ते होत. या तिन्हींचा काल समान नसतो, ही येथील प्रतिज्ञा.

प्रथम शोकाचे स्वरूप. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने करुण आणि विप्रलंभ यांचा भेद सांगितला आहे. विप्रलंभात पुनर्भेटीची अपेक्षा शिल्लक असते, म्हणून तो सापेक्ष. करुणात ती उरत नाही, म्हणून तो निरपेक्ष. मृत्यू क्षणात घडतो, पण मागे राहिलेल्याचे चित्त त्याच क्षणी निरपेक्ष होत नाही. दाराची कडी वाजली की ते अजूनही वाट पाहते. म्हणून ‘तो परत येणार नाही’ हे सत्य स्वीकारणे हे शोकाचे पहिले कार्य ठरते. विल्यम वर्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1982 मध्ये शोकाची चार कार्ये सांगितली, त्यांतही पहिले हेच आहे.

यावरून साहाय्याचा पहिला नियम निघतो: अंत्यदर्शनात घाई करू नये. समुद्रात बेपत्ता झालेल्याच्या घरी, किंवा 2020 च्या साथीत ज्यांना मृताचा चेहराही पाहता आला नाही अशा घरी, अपेक्षा दीर्घकाळ रेंगाळते. कारण तिला थांबवणारा पुरावा डोळ्यांसमोर आलेला नसतो. मात्र दर्शनाची सक्तीही नसावी. लहान मुलांना ‘आजोबा झोपले’ असे सांगू नये. ‘आजोबा वारले, ते आता परत येणार नाहीत’ असेच सांगावे. झोपलेला माणूस उठतो, हे मुलाला ठाऊक असते.

शोकाच्या पाच पायऱ्या सर्वत्र सांगितल्या जातात. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी त्या 1969 मध्ये मांडल्या त्या मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संवादांवरून. मागे राहिलेल्यांचे वेळापत्रक म्हणून त्या वापरणे सदोष आहे. स्ट्रोब आणि शूट यांनी 1999 मध्ये मांडलेले प्रतिमान अधिक ग्राह्य वाटते: चित्त हानीकडे आणि जगण्याकडे आळीपाळीने जात राहते. म्हणून चौथ्या दिवशी केळीच्या वाडीला पाणी सोडणारा मुलगा निष्ठुर ठरत नाही, आणि वर्षाने अकस्मात रडणारी आई दुर्बळ ठरत नाही.

आता शोकाचार. वसईजवळच्या निर्मळमध्ये त्याच्या दोन परंपरा शेजारी नांदतात. हिंदू घरांत तिसऱ्या दिवशी अस्थिसंचयन, दहाव्या दिवशी पिंडदान, बाराव्या दिवशी सपिंडीकरण, मग तेरावा. कॅथलिक घरांत रोझरी, चर्चमधील मिस्सा, दफन, पुढे सातव्या दिवसाची आणि महिन्याची मिस्सा. 2 नोव्हेंबरला कबरींवर फुले आणि मेणबत्त्या. दोन्हींची प्रयोजने तीन. एक, मृत्यू जाहीर करणे. दोन, सुन्न झालेल्या हातांना नियत काम देणे. तीन, मृताला नवे स्थान देणे. हे तिसरे सर्वांत महत्त्वाचे. सपिंडीकरणाने प्रेत पितरांत मिळते. मिस्सेत मृताचे नाव उच्चारून त्याच्यासाठी प्रार्थना होते. दोन्हीकडे नाते संपत नाही, त्याचे रूप बदलते. पाश्चात्त्य मानसशास्त्रात ‘मृताशी नाते तोडणे म्हणजे बरे होणे’ हे मत दीर्घकाळ प्रबळ होते. क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांच्या 1996 च्या ग्रंथाने त्याला सविस्तर उत्तर दिले. निर्मळच्या परंपरांना ते उत्तर आधीपासून अवगत होते. तेथे एका शंकराचार्यांच्या समाधीचे मंदिर आहे आणि कार्तिक वद्य एकादशीला यात्रा भरते. देह गेल्यावरही स्मरणाला स्थळ आणि तिथी असावी, हे या भूमीला नवे नाही.

न्यून आहे ते साहाय्यात. ते पहिल्या पंधरवड्यात दाटते आणि नंतर विरते. माणसांची ये-जा थांबते, तेव्हाच चित्त निरपेक्षतेला प्रथम सामोरे जाते. 21 दिवसांच्या आत मृत्यूची नोंद, बँकेचे खाते, निवृत्तिवेतन, सातबाऱ्यावरील वारसनोंद ही कामेही याच काळात अंगावर येतात. त्या कागदांसाठी कार्यालयात सोबत जाणे हे ‘धीर धरा’ या शब्दांहून मोठे सांत्वन होय.

शोक स्वतः व्याधी नाही. परंतु अमेरिकी निदानसंहितेच्या 2022 च्या आवृत्तीनुसार, प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत वर्ष उलटूनही तीव्र ओढ कमी होत नसेल आणि नित्यव्यवहार खुंटला असेल, तर दीर्घशोकविकाराचा विचार करावा लागतो. अशा व्यक्तीला मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. जीव देण्याची भाषा कानावर आली तर एक दिवसही थांबू नये. इतर शोकग्रस्तांच्या घरी तिसऱ्या महिन्यात पुन्हा जावे, थोडा वेळ बसावे आणि गेलेल्या माणसाचे नाव घेऊन बोलावे.