तळटीप १४ : परिषदेचे आमदार आणि सीमाप्रश्न

१४. परिषदेचे आमदार : कर्नाटक विधान परिषदेचे सदस्य. परिषदेच्या ७५ जागांपैकी २५ स्थानिक स्वराज्य संस्थांकडे असून त्यांतील दोन बेळगावच्या. या दोन जागांसाठी निपाणीचा नगरसेवक किंवा खानापूर तालुक्यातील ग्रामपंचायत सदस्य मत देतो. सामान्य मतदाराला तो अधिकार नाही. पदवीधर व शिक्षकांसाठी विजयपूर, बागलकोट आणि बेळगाव मिळून ‘वायव्य’ मतदारसंघ आहेत. २०२२ मध्ये शिक्षकांची जागा चिक्कोडीचे माजी खासदार प्रकाश हुक्केरी यांनी जिंकली. परिषदेचे सदस्य प्रश्न विचारू शकतात, ठराव मांडू शकतात. महाराष्ट्र-कर्नाटक सीमा मात्र हलवू शकत नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटक विधिमंडळाने बेळगावच्या सुवर्णसौधात महाराष्ट्राला इंचभरही जमीन न देण्याचा ठराव केला. पाठोपाठ २७ डिसेंबरला नागपुरात महाराष्ट्राच्या विधानसभेने व विधान परिषदेने बेळगाव, निपाणी, कारवार, बिदर, भालकीसह ८६५ गावांवरील हक्काचा ठराव एकमताने संमत केला. दोन्ही ठरावांनी भूमिका नोंदली गेली, एवढेच. राज्याच्या सीमा बदलण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम ३ नुसार संसदेचा आहे आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. — संपा.