आकृति कीं अक्षर?

काम कोणत्या क्रमानें करावयाचें हें यंत्रास सांगण्याचे दोन मार्ग आहेत: एक तो क्रम चितारून दाखविण्याचा, दुसरा तो लिहून देण्याचा. ज्यास आज क्लाऊड म्हणतात, त्या दूरच्या भाडोत्री संगणकांवर कचेरीचीं कामें आपोआप चालवूं पाहणाऱ्यांपुढें हाच प्रश्न पुन्हां उभा आहे. पडद्यावर चौकटी मांडून त्या बाणांनीं जोडाव्या, कीं ओळीमागून ओळ कोड लिहावा? हा वाद नवा नाहीं. त्याच्या मागें शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो पाहिल्यावांचून निवाडा देणें उतावीळपणाचें होईल.

फ्रँक गिलब्रेथ यांनीं उमेदवारी केली ती गवंडीकामांत. १९२१ सालीं त्यांनीं व त्यांच्या पत्नी लिलियन यांनीं अमेरिकेंतील यांत्रिक स्थापत्यविशारदांच्या संस्थेपुढें कामाचे टप्पे चिन्हांनीं दाखविणारे तक्ते मांडले. काम एका दृष्टिक्षेपांत दिसलें कीं त्यांतील वायफळ भाग आपोआप कळतो, हा त्यांतील विचार. पुढें १९४७ सालीं प्रिन्स्टन येथें हर्मन गोल्डस्टाइन व जॉन फॉन नॉयमन यांनीं संगणकासाठीं प्रवाहाकृति योजिल्या. त्यांच्या पद्धतींत आकृति आधीं व आज्ञा नंतर. कारण उघड होतें: तेव्हांच्या यंत्राची भाषा केवळ आंकड्यांची, आणि ती वाचून क्रम उलगडणें माणसास अति कष्टाचें.

१९५७ सालीं आयबीएम कंपनीनें फोर्ट्रान ही भाषा बाहेर आणली आणि लिहिलेली आज्ञा गणितांतील समीकरणासारखी वाचतां येऊं लागली. अक्षर सुवाच्य झालें तेव्हां आकृतीचें महत्त्व ओसरलें. फ्रेड ब्रुक्स यांनीं १९७५ सालच्या आपल्या ग्रंथांत स्पष्टच म्हटलें कीं, प्रवाहाकृतीचा उगाच गाजावाजा झाला. अनुभवी मंडळी प्रोग्रॅम आधीं लिहितात, आणि नियमाची सक्ति असेल तेथें आकृति मागाहून काढून देतात. तरी आकृति मेली नाहीं. १९६३ सालींच आयव्हन सदरलँड यांनीं संगणकाच्या पडद्यावर रेखाटन करून दाखविलें होतें, व १९६६ सालीं त्यांचे बंधु विल्यम यांनीं आकृतीच्या रूपानेंच प्रोग्रॅम मांडण्याची रीत आपल्या प्रबंधांत सिद्ध केली.

क्लाऊडच्या काळांत हा इतिहास थोडक्या वर्षांत पुन्हां घडला. २०१४ सालीं एअरबीएनबी कंपनींत जन्मलेल्या एअरफ्लोनें कामाचा क्रम पायथन भाषेंत लिहावयास लावला. २०१६ सालीं ॲमेझॉननें स्टेप फंक्शन्स आणलें. त्यांत मजकूर लिहावा आणि त्यावरून चित्र पाहावें. मायक्रोसॉफ्टच्या लॉजिक ॲप्समध्यें उलट चौकटी मांडाव्या व खालचा मजकूर हवा तर पाहावा. अखेर २०२१ सालीं ॲमेझॉननेंहि चौकटी ओढून मांडण्याची सोय केली. एकाच मजकुराचीं तीं दोन दर्शनें झालीं. मग निवड कशाची करावयाची?

मीं पाहिलेली एक हकीकत सांगतों. एका शिक्षणसंस्थेंत शिष्यवृत्तीचे अर्ज तपासण्याचें काम असें आपोआप चालूं केलें होतें. कोडाच्या ओळी दोघां जाणत्यांनीं वाचल्या. दोष आढळला नाहीं. एके दिवशीं तीच आकृति पडद्यावर असतां कचेरींतील वयस्क कारकुनांनीं विचारलें, "कागद अपुरे ठरलेल्या मुलाचा बाण कोठें जातो?" तो कोठेंच जात नव्हता, त्या मुलांस कळविण्याची व्यवस्थाच राहून गेली होती. चूक सुधारली. परंतु पुढच्या वर्षीं मुलें मुदत चुकल्याची तक्रार करूं लागलीं. आकृति पाहावी तर जशीच्या तशी. शेवटीं मजकुराची जुनी व नवी प्रत ताडून पाहिली, तेव्हां उत्तराची वाट पाहण्याचे दिवस १५ चे ५ झालेले सांपडले. चौकट तीच होती, तिच्या पोटांतील आंकडा बदलला होता.

या दोन चुकांत सगळा वाद आला आहे. वाट कोठें तुटते हें आकृति सांगते, आणि तेंहि अशा माणसास, जो कोड लिहीत नाहीं परंतु काम जाणतो. अटी, आंकडे, पुन्हां प्रयत्न किती वेळां करावा, हा तपशील अक्षरांत राहतो. आणि तो कोणीं, केव्हां बदलला याची नोंदहि अक्षरांचीच नीट ठेवतां येते. २००५ सालीं निघालेल्या गिटसारख्या साधनांचें सामर्थ्य ओळीशीं ओळ ताडण्यांत आहे.

म्हणून माझें मत असें: काम ठरवावें तें आकृतीपुढें, सर्वांस बसवून, जतन करावें तें अक्षरांत, सही-तारखेसह. कामें थोडीं व बदल विरळ असतील तेथें चौकटींवरच भागेल. परंतु शाखा पन्नासांवर गेल्या व हात अनेक लागले कीं लिखित प्रतच अधिकृत मानावी. आणि तरीहि वर्षांतून एकदां ती आकृति त्या कारकुनांपुढें ठेवावी. ज्या मुलांचे अर्ज त्या बाणांवरून जातात, त्यांस दोहोंपैकीं कांहींच दिसत नसतें.