देवघरांतील दारुमूर्ति आणि त्यांच्या अभावाचा अर्थ

महाराष्ट्रांतील एखाद्या जुन्या घराण्याचें देवघर पाहिलें तर तेथें बहुधा पुढील देव आढळतात : पितळेचा बाळकृष्ण, पितळेचीच अन्नपूर्णा, रुप्याचे अगर तांब्याचे टाक, नर्मदेंतील बाण आणि गंडकींतील शालिग्राम. हे देव ज्यांत बसविलेले असतात तो देव्हारा मात्र लांकडाचा असतो. आणि कित्येकदां त्याच्या खांबांवर, महिरपींवर व कळसांवर सुतारानें आपलें सर्व कसब ओतलेलें दिसतें. देवाचें घर लांकडाचें व देव धातूचा अगर पाषाणाचा, अशी ही वांटणी आहे. ती पाहून अभ्यासक सहजच असा निष्कर्ष काढतो कीं, गृहपूजेसाठीं लांकडाची मूर्ति घडविण्याची चाल आपल्याकडे फारशी नव्हतीच. हा निष्कर्ष कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथमदर्शनीं भाषेची साक्षहि या निष्कर्षास अनुकूल वाटते. ‘टाकीचे घाव सोसल्यावांचून देवपण येत नाहीं’ ही म्हण सर्वांच्या तोंडीं आहे. टाकी हें पाथरवटाचें हत्यार. सुताराच्या वांकसाचा किंवा पटाशीचा उल्लेख देवपणाच्या संबंधांत आपल्या म्हणींत येत नाहीं. परंतु म्हण ही रूढ कल्पनेची साक्ष आहे, वस्तुस्थितीची मोजदाद नव्हे. तेव्हां शास्त्र काय सांगतें, आचार काय होता आणि अवशेष कां उरले नाहींत, हे तीन प्रश्न निरनिराळे करून पाहणें अवश्य आहे.

शास्त्राविषयीं संशयास जागा नाहीं. भागवताच्या एकादश स्कंधांतील सत्ताविसाव्या अध्यायांत प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यांत शिळेच्या प्रतिमेच्या पाठोपाठ दारुमयी प्रतिमेचें नांव येतें. याच स्कंधावर एकनाथांनीं शके १४९५ (इ. स. १५७३) मध्यें काशी येथें आपली टीका पुरी केली, त्यामुळें हा क्रियायोगाचा अध्याय मराठी वाचकांस व श्रोत्यांस पिढ्यान् पिढ्या परिचित आहे. मत्स्यपुराणांतहि सोनें, रुपें, तांबें, रत्न व पाषाण यांच्या बरोबरीनें लांकूड हें मूर्तीचें द्रव्य म्हणून सांगितलें आहे. त्याच पुराणांत घरांतील मूर्तीचें मान दिलें आहे : अंगठ्याच्या पेरापासून एका वितीपर्यंत; त्याहून मोठी मूर्ति घरांत प्रशस्त नाहीं. हें मान पुढील विवेचनासाठीं ध्यानांत ठेवावें.

वराहमिहिरानें इसवी सनाच्या सहाव्या शतकांत बृहत्संहिता रचिली. तींत मूर्तीसाठीं झाड निवडण्याकरितां वनांत कसें जावें, याला एक स्वतंत्र अध्यायच दिला आहे. स्मशानांतील, मार्गावरील, देवालयाजवळील, वारुळावरील, विजेनें अगर वाऱ्यानें पडलेलें झाड वर्ज्य. वर्णपरत्वें झाडेंहि वेगळीं सांगितलीं आहेत : ब्राह्मणांस देवदार, चंदन, शमी व मोह, क्षत्रियांस अरिष्ट, पिंपळ, खैर व बेल, शूद्रांच्या यादींत साल, अर्जुन व आंबा अशीं झाडें येतात. निवडलेल्या झाडाची रात्रीं पूजा करावी, त्यावर वसति करणाऱ्या भूतांस दुसरीकडे जाण्याची विनंति करावी, आणि प्रातःकाळीं मध व तूप लावलेल्या कुऱ्हाडीनें ईशान्येकडून घाव घालावा. उभ्या झाडावर दिशांच्या खुणा आधींच करून ठेवावयाच्या, म्हणजे झाडाचा जो भाग ज्या दिशेकडे होता तो मूर्तींतहि त्याच दिशेस राहील. इतका बारकावा केवळ पुस्तकी हौसेनें येत नाहीं; त्यामागें चालू असलेला धंदा व त्याचा अनुभव असला पाहिजे. पुढें हाच ग्रंथकार द्रव्यपरत्वें मूर्तीचीं फळें सांगतो, तेथें दीर्घ आयुष्य, लक्ष्मी, बल व जय हीं लांकडाच्या व मातीच्या मूर्तीचीं फळें म्हणून देतो. सोनें, रुपें व तांबें यांचीं फळें त्यानंतर येतात. लांकूड हें गरिबाचें, केवळ निरुपायानें स्वीकारलेलें द्रव्य होतें, ही समजूत यावरून टिकत नाहीं.

आतां कोणी म्हणेल कीं, हे नियम देवळांतील मूर्तींचे आहेत, घरांतील नव्हेत. या आक्षेपांत तथ्यांश आहे, व केवळ ग्रंथाधारावर गृहपूजेंतील आचार सिद्ध होत नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. म्हणून जेथें दारुमूर्तीची परंपरा अखंड चालू आहे तेथें ती कशी टिकली हें पाहावें. अशी सर्वांत प्रसिद्ध जागा म्हणजे ओढ्या देशांतील पुरी.

जगन्नाथ, बलभद्र व सुभद्रा यांच्या मूर्ति कडुनिंबाच्या लांकडाच्या आहेत. बृहत्संहितेंत क्षत्रियांसाठीं सांगितलेला ‘अरिष्ट’ हा शब्द अमरकोशांत निंबाचाहि पर्याय म्हणून दिला आहे, ही गोष्ट येथें लक्षांत घेण्यासारखी आहे. लांकडाच्या व रंगाच्या मूर्तीस रोज पाणी घालणें शक्य नाहीं, म्हणून पुरीस नित्य स्नान प्रत्यक्ष मूर्तीस न घालतां तिच्या समोर धरलेल्या दर्पणांतील प्रतिबिंबास घालतात. प्रत्यक्ष स्नान ज्येष्ठी पौर्णिमेस होतें. त्यानंतर देव आजारी पडले असें मानून सुमारें पंधरा दिवस दर्शन बंद असतें, आणि त्या अवधींत मूर्ति पुन्हां रंगविल्या जातात. ज्या वर्षीं अधिक आषाढ येतो त्या वर्षीं नवकलेवराचा विधि होऊन नव्या मूर्ति घडवितात व जुन्या मूर्ति देवळाच्या आवारांतील कोइली वैकुंठांत पुरतात. विसाव्या शतकांत १९१२, १९३१, १९५०, १९६९, १९७७ व १९९६ या सालीं, आणि त्यानंतर २०१५ सालीं हा विधि झाला.

याचा इतिहासदृष्ट्या अर्थ काय? देऊळ बाराव्या शतकांतील. परंतु सिंहासनावरील मूर्ति २०१५ सालच्या. शतकानुशतकें अखंड पूजिलेल्या या देवाची एकहि जुनी मूर्ति कोणास दाखवितां येणार नाहीं. समजा, हा विधि कांहीं शतकांपूर्वीं खंडित झाला असता, तर आजचा संशोधक त्या रिकाम्या गाभाऱ्यांत उभा राहून ‘येथें दारुमूर्ति असल्याचा पुरावा नाहीं’ असें निःशंकपणें लिहिता. आणि तें चुकीचें असतें. पुरीच्या बाजारांत यात्रेकरू घरच्या पूजेसाठीं ज्या लहान लांकडी त्रिमूर्ति घेतात त्यांचीहि गोष्ट तीच. रंग उडाला, लांकूड किडलें, कीं जुनी जाते व नवी येते.

पुरीच्या उदाहरणावरून जें दिसतें तेंच शास्त्रानें नियमरूपानें सांगितलें आहे. अग्निपुराणांतील जीर्णोद्धाराच्या प्रकरणीं जीर्ण मूर्तीची विल्हेवाट द्रव्यपरत्वें दिली आहे : पाषाणाची मूर्ति पाण्यांत टाकावी, धातूची व रत्नाची खोल पाण्यांत अगर समुद्रांत सोडावी, आणि लांकडाची मूर्ति अग्नींत जाळावी. आमच्या मतें प्रस्तुत प्रश्नाची किल्ली या नियमांत आहे. विहिरी व तळीं उपसतांना, नदीचे डोह आटतांना दगडाच्या व धातूच्या मूर्ति सांपडतात, आणि त्यांवरून मूर्तिकलेचा इतिहास लिहिला जातो. ज्या नियमानें दगडाची मूर्ति पाण्यांत सुरक्षित ठेवली त्याच नियमानें लांकडाची मूर्ति राख करून टाकली. म्हणजे आपल्या संग्रहांतील दगड व लांकूड यांचें प्रमाण हें मूळच्या वापराचें प्रमाण नसून विसर्जनाच्या रीतींचें प्रमाण आहे.

येथें कोणी हवामानाचें कारण पुढें करील. वाळवी, पावसाळा व दमट हवा यांनीं लांकूड नाहींसें होतें हें खरेंच. परंतु तें एकटें कारण पुरेसें नाहीं. कार्ल्याच्या चैत्यगृहांतील छताच्या लांकडी कमानी सुमारें दोन हजार वर्षें सह्याद्रीचा पाऊस पाहात आजहि जागच्या जागीं आहेत. आडोशास असलेलें चांगलें लांकूड आपल्या देशांतहि टिकतें. देवघरासारखा आडोसा तर दुसरा नाहीं. पुण्याच्या शनिवारवाड्यांतील लांकूडकाम गेलें तें हवेनें नव्हे, १८२८ सालच्या आगीनें गेलें. देव्हारे उरले व त्यांतील दारुमूर्ति उरल्या नाहींत, याचें कारण देव्हारा जीर्ण झाला तरी तो जाळण्याचा विधि नाहीं, आणि मूर्तीस तो आहे.

दुसरें कारण पाण्याचें. भागवताच्या वर सांगितलेल्या अध्यायांत स्नानासंबंधीं भेद केला आहे : लेपाच्या मूर्तीस स्नान न घालतां ती केवळ पुसावी. लांकडाच्या मूर्तीवर लेप व रंग देण्याची सर्वत्र चाल असल्यामुळें तीहि व्यवहारांत याच नियमाखालीं येते. उलट महाराष्ट्रांतील गृहपूजा ही मुख्यतः अभिषेकाची पूजा आहे. पंचामृत व शुद्धोदक यांशिवाय ती पुरी होत नाहीं. रोज ताम्हनांत बसणारा देव धातूचा किंवा पाषाणाचाच पाहिजे. यामुळें नित्यपूजेंतून लांकूड मागें हटलें असावें व उत्सव, नवस आणि सजावट यांपुरतें उरलें असावें, असें अनुमान करितां येतें.

हें अनुमान दक्षिणेकडील जिवंत धंद्यांशीं जुळतें. कर्नाटकांत कोप्पळजवळील किन्हाळ गांवीं चित्रगार लोक हलक्या लांकडाच्या देवमूर्ति, मुखवटे व वाहनें करितात. भाग जुळविल्यावर सांधे ताग, लांकडाचा भुसा व चिंचोक्यांची खळ यांच्या लगद्यानें भरतात आणि वर लेप देऊन रंग चढवितात. अशा मूर्तीस पाणी लागलें कीं तिचा लेपच सुटावयाचा. आपल्याकडे सावंतवाडीचे चितारी पांगाऱ्यासारख्या मऊ लांकडाचीं फळें व खेळणीं करितात, पाट व चौरंग लाखेच्या कामानें रंगवितात, आणि दशावतारी गंजिफांचीं एकशेंवीस पानें चितारतात. दशावतार घरांत आला तो येथें खेळाच्या पानांवर. पूजेचा देव मात्र तांबटाकडून व ओतारीकडून आला.

गोमंतकासंबंधीं एक लेखी उल्लेख विशेष विचारार्ह आहे. पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव यानें इ. स. १५४६ मध्यें गोव्याचा अधिकारी जुआंव द कास्त्रू यास पाठविलेल्या पत्रांत मूर्ति शोधून नष्ट कराव्या व त्या घडविणारांस जबर शासन करावें असें फर्माविलें. त्यांत ज्या द्रव्यांच्या मूर्तींस बंदी केली त्यांत धातु व माती यांबरोबर लांकडाचेंहि नांव आहे. हें पत्र लिस्बनच्या दरबारांतलें असून त्यांतील यादी सरसकट मनाईची आहे. तिच्यावरून गोमंतकांतील घरोघरच्या देवांची गणना होत नाहीं. तरीहि, ज्या काळीं मंगेश कुशस्थळीहून व शांतादुर्गा केळशीहून नदीपलीकडे हलविण्याची वेळ आली, त्या काळीं जो लांकडाचा देव मागें राहिला असेल त्याला जाळण्यास शास्त्राची नव्हे, शत्रूची आज्ञा पुरेशी होती. दगडाचा देव फोडला तरी तुकडे राहतात. लांकडाचा काय राहणार?

सारांश, गृहपूजेंतील दारुमूर्तीचा आजचा अभाव हा तिच्या पूर्वींच्या अभावाचा पुरावा मानतां येत नाहीं. त्याचप्रमाणें, ती घरोघर होती असेंहि या अभावावरून म्हणतां येणार नाहीं. मौन दोन्ही पक्षांस सारखेंच. खरा निर्णय कागदांवरून व्हावयाचा आहे. जुन्या वांटणीपत्रांत देवांची वांटणी नोंदलेली असेल तेथें ‘लांकडी’ हें विशेषण येतें काय, हें पाहावें. घरगुती जमाखर्चांत सुतारास अगर चिताऱ्यास देवाच्या कामाबद्दल दिलेली मजुरी शोधावी. ज्या घरीं लांकडाची मूर्ति अद्याप पूजेंत आहे तेथें तिचें मान, लांकडाची जात, रंगाचे थर व ती केव्हां बदलली याची घरांतील वृद्धांकडून मिळेल ती माहिती टिपून घ्यावी.

विसर्जन हा गृहस्थाचा धर्म आहे, त्यांत संशोधकानें आड येऊं नये. परंतु अग्नीस देण्यापूर्वीं मूर्तीचें एक छायाचित्र घेण्यास शास्त्राचा कोठेंहि प्रतिबंध नाहीं. तेवढें जरी झालें तरी पुढील अभ्यासकास रिकाम्या देव्हाऱ्यावरून तर्क करण्याची पाळी येणार नाहीं. ज्यांच्या संग्रहीं अशा मूर्ति अगर अशा नोंदी असतील त्यांनीं त्या प्रसिद्ध कराव्या, अशी विनंति आहे.